डॅशबोर्डवरचा आकडा आणि त्याच्या पोटातलं बिल

दिवाळीच्या तोंडावर कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचे मालक मला म्हणाले, "मॅडम, टॅलीत सहा महिन्यांचा नफा बारा लाख दिसतोय की हो. मग सीसी भरून का आलीय? पैसं गेलं कुठं?" सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेनं मंजूर केलेलं, लागेल तसं उचलायचं कर्ज. बोनस द्यायचा होता, काळजी खरी होती. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आम्ही एका कोऱ्या कागदावर मांडणी केली. नफा १२ लाख. एप्रिलपासून गिऱ्हाइकांकडचं येणं ९ लाखांनी वाढलेलं. शेडमध्ये पडून असलेले बार आणि कास्टिंग ४ लाखांनी वाढलेले. मशिनच्या कर्जाच्या हप्त्यांत मुद्दल गेलं ५ लाख. ते नफा-तोट्यात येतच नाही, तिथे फक्त व्याज येतं. पुरवठादारांचं देणं २ लाखांनी वाढलेलं, म्हणजे तेवढे पैसे अजून आपल्याकडेच. बारा आणि दोन चौदा, त्यातून नऊ, चार आणि पाच असे अठरा गेले. चार लाख कमी. सीसीचा वापर काढून बघितला, तोही चार लाखांनीच वाढलेला. ताळा जमला.

हे सगळे आकडे सहा महिने त्यांच्या डॅशबोर्डवर, म्हणजे धंद्याचे मुख्य आकडे चौकटींत एकत्र दिसतात त्या पडद्यावर, होते. पण प्रत्येक चौकट सुटी बघितली जात होती, आणि बघितली जात होती ती फक्त नफ्याची. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. वडिलांचा धंदा नुकताच हातात घेतलेला मुलगा किंवा मुलगी, पहिल्यांदा कारखाना टाकलेला उद्योजक, अकाउंट्सला नव्यानं लागलेली मुलं, सगळ्यांना उपयोगी पडावं. उदाहरणं टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देते, कारण सांगली-मिरजेत बहुतेक ऑफिसांत तेच असतं. तुमच्याकडे झोहो बुक्स, बिझी किंवा दुसरं काही असेल तर नावं बदलतील, बघण्याची रीत तीच.

आधी तारखा बघा

टॅलीत ऑल्ट आणि जी दाबलं की 'गो टू' उघडतं, तिथे डॅशबोर्ड टाइप करा. चौकटी उघडतील: विक्री, खरेदी, रोकड आणि बँक, येणं-देणं, नफा. लगेच आकडे वाचायला लागू नका. दोन तारखा तपासायच्या आहेत.

पहिली, शेवटची नोंद कधीची आहे? गेटवे ऑफ टॅली या पहिल्याच पडद्यावर कंपनीच्या नावासमोर ती दिसते. आज २० तारीख आणि शेवटची नोंद ९ ची असेल तर तुम्ही अकरा दिवसांपूर्वीचा धंदा बघताय. डॅशबोर्ड कितीही झकपक असला तरी फाइलमध्ये पडलेलं, एंट्री न झालेलं बिल त्याला दिसत नाही. त्यातही शेवटची तारीख फसवू शकते: विक्रीची बिलं रोज टॅलीतूनच निघतात म्हणून तारीख आजची दिसते, आणि खरेदीची बिलं मात्र महिन्याच्या शेवटी एकदम घेतली जातात. मग महिनाभर नफा फुगलेला आणि शेवटच्या दोन दिवसांत धाडकन खाली. खरेदीची बिलं आठवड्याला तरी टाकायची, हा नियम अकाउंटंटशी बोलून पक्का करा.

दुसरी तारीख कालावधीची. ऑल्ट आणि एफ२ दाबून तो बदलतो. एक महिना, तिमाही की १ एप्रिलपासून आजपर्यंत, हे ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आमच्याकडे हळदीचा, बेदाण्याचा, उसाचा हंगाम असतो आणि त्यांच्या मागे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांपासून बारदानापर्यंत सगळ्यांची विक्री वर-खाली होते. मार्चची एप्रिलशी तुलना करून काही कळणार नाही.

एंटर दाबायची सवय

नव्या माणसाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: आकडा दिसला की त्यावर एंटर दाबा. परत दाबा. गटातून पार्टी, पार्टीतून महिना, महिन्यातून व्हाउचर (एकेका व्यवहाराची नोंद), आणि व्हाउचर उघडलं की त्याचा कागद फाइलमधून काढून बघा. पहिल्या महिन्यात रोज एक आकडा निवडून असं तळापर्यंत जा. चौकटीतला आकडा ही बेरीज आहे, आणि चुकीच्या नोंदींचीही बेरीज बरोबरच येते.

बँक आणि गल्ला

बँकेच्या चौकटीतली शिल्लक ही वहीप्रमाणे असते, बँकेप्रमाणे नव्हे. शनिवारी पुरवठादाराला दिलेला चेक वहीत वजा झालेला असतो, बँकेत तो बुधवारी वटतो. गिऱ्हाइकानं केलेला आरटीजीएस बँकेत आलेला असतो, वहीत कुणी घेतलेला नसतो. बँकेनं कापलेले चार्जेस तर वहीला माहीतच नसतात. त्यामुळे बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वही आणि बँक यांचा ताळमेळ, किमान आठवड्याला एकदा झालंच पाहिजे. सुरुवातीला मोबाइलवर बँकेचं ॲप आणि कॉम्प्युटरवर टॅली असं शेजारी ठेवून फरक कशाचा ते एकेक करून शोधा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

रोकड वजा दिसली तर तिथेच थांबा. गल्ल्यात उणे पाच हजार रुपये असू शकत नाहीत. एक तर बँकेतून काढलेल्या पैशांची नोंद राहिलीय, किंवा मालकांनी खिशातून खर्च केला तो त्यांच्या खात्यावर जमा झालेला नाही. एंटर दाबत महिन्यांवर या, कुठल्या महिन्यात वजा गेली ते दिसेल, मग दिवस सापडेल.

येणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एकूण येणं किती यापेक्षा ते किती जुनं आहे हे महत्त्वाचं. टॅलीत बिल्स रिसीव्हेबलमध्ये (येणं असलेल्या बिलांची यादी) गेल्यावर एफ६ नं दिवसांप्रमाणे विभागणी होते. झोहो बुक्सच्या डॅशबोर्डवर मुदतीतलं आणि मुदत टळलेलं असं वेगळं दिसतंच.

एक प्रसंग सांगते. एका कारखान्यात ९० दिवसांवरच्या रकान्यात एका पार्टीच्या नावावर ६,२०,००० रुपये दिसत होते. धाकट्या मालकांनी तिथल्या पर्चेसवाल्यांना चिडून फोन लावला. पलीकडचे म्हणाले, "अहो, पाच लाख तर आम्ही मागच्याच महिन्यात सोडले." आणि ते खरं होतं. पैसे आले होते, वहीत घेतलेही होते, पण पावती टाकताना बिलांसमोर न लावता 'ऑन अकाउंट' म्हणून सोडून दिले होते. त्यामुळे पार्टीच्या एकूण शिल्लकेतून ते वजा होऊन १,२०,००० दिसत होते, आणि जुन्या बिलांच्या रकान्यात मात्र सगळी बिलं तशीच उभी. शिवाय त्यांच्याकडून रिजेक्शनची ३८,००० ची डेबिट नोट, म्हणजे नापास मालाचे पैसे कापल्याचा कागद, आली होती. ती फाइलला लावलेली, टॅलीत नाही. म्हणजे खरं येणं ८२,०००. त्यासाठी सहा लाखांचा राग. दहा वर्षांचं गिऱ्हाईक होतं, मालकांना दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बसावं लागलं.

दुरुस्ती सोपी आहे. ती पावती उघडा, ऑन अकाउंटच्या जागी 'अगेन्स्ट रेफ' निवडा आणि ज्या बिलांपोटी पैसे आलेत ती बिलं लावा. कुठल्या बिलांचे पैसे हे कळत नसेल तर पार्टीकडून पेमेंट ॲडव्हाइस मागवा, अंदाजानं लावू नका. आणि गिऱ्हाइकाची डेबिट नोट मान्य असेल तर आपण क्रेडिट नोट काढायची, म्हणजे येणंही कमी होतं आणि त्यावरचा जीएसटीही. ही क्रेडिट नोट जीएसटीत दाखवायला ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते, आणि वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तिथेच संपते. त्यानंतर कराची रक्कम गेली ती गेली. डेबिट नोटांचा वेगळा बॉक्स टेबलावर ठेवा, इतर कागदांत त्या हरवतात.

विभागणीचे टप्पे लावताना ४५ दिवसांचा टप्पा जरूर ठेवा. त्याला कायद्याचं कारण आहे. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट खरेदीदारानं ठरलेल्या तारखेपर्यंत, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत करायचं असतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्यात १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये भर पडली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांची अकाउंट्स खाती स्वतःहून फोन करतात. याचा फायदा घ्यायचा तर आपली उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारकडे केलेली नोंद) हवी आणि तिचा नंबर बिलावर छापलेला हवा. मात्र हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसता व्यापार करणाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी यावर विसंबू नये.

वसुलीबद्दल माझं स्वतःचं मत असं की कायद्याचं पत्र शेवटी. बिलाची मुदत संपायच्या चार दिवस आधी एक साधा फोन, "साहेब, अमुक नंबरचं बिल पास झालं का?" एवढाच, खूप काम करतो. बिलात चूक असेल, चलन गहाळ असेल तर ते तेव्हाच कळतं, साठ दिवसांनी नाही.

देणं, आणि आपला नसलेला पैसा

पुरवठादारांचं देणं येण्यासारखंच, वयाप्रमाणे बघायचं. आपणही कुणाचे तरी खरेदीदार आहोत, तेव्हा वरचे ४५ दिवस आपल्यालाही लागू. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची मिळालेली वजावट) व्याजासकट परत करावं लागतं.

नव्या मालकांना फसवतो तो करांचा पैसा. १,१८,००० चं बिल बँकेत जमा झालं की शिल्लक तेवढ्यानं वाढलेली दिसते, पण त्यातले १८,००० जीएसटीचे. खरेदीवरचं क्रेडिट वजा जाता उरेल ते सरकारचं. तो वापरून कच्चा माल घेतला की वीस तारखेला धावपळ. डॅशबोर्डवर ही चौकट तयार नसते, म्हणून जीएसटी, टीडीएस, पीएफ यांची लेजर (खाती) 'ड्यूटीज अँड टॅक्सेस' आणि 'प्रोव्हिजन्स' या गटांत उघडून बघा आणि बँक शिल्लकेतून मनातल्या मनात वजा करा. तारखा भिंतीवर लिहून ठेवा: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (ज्यासोबत कर भरायचा ते विवरण). मार्चचा टीडीएस तेवढा ३० एप्रिलपर्यंत. ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांनी तिमाही पद्धत घेतली असेल तर विवरणाच्या तारखा वेगळ्या, पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा तक्ता, येतं, त्याच्याशी खरेदी ताडून बघा. ज्या पुरवठादारानं आपलं बिल दाखवलेलंच नाही तो तिथे सापडतो.

नफ्याची चौकट आणि न मोजलेला माल

सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्यांच्या मुलीनं बी.कॉम. झाल्यावर दुकानात बसायला सुरुवात केली. मेअखेर तिनं डॅशबोर्ड उघडला आणि घाबरून मला फोन केला: "ताई, पन्नास लाखांचा तोटा दिसतोय. बाबांना सांगू का?" मी विचारलं, गोदामात हळद किती आहे? तिथेच उत्तर होतं. हंगामात सौद्यात खरेदी ८० लाखांची झालेली, विक्री ३० लाखांची. उरलेला माल गोदामात, खरेदीच्या भावानं ५५ लाखांचा. पण टॅलीत मालाचा हिशेब आणि खात्यांचा हिशेब जोडलेले नव्हते. अखेरचा माल हातानं भरावा लागतो आणि तो भरलाच नव्हता. तीस आणि पंचावन्न पंच्याऐंशी, त्यातून ऐंशी गेले: पाच लाख ढोबळ नफा. तिनं तो आकडा स्वतः काढला, मग वडिलांकडे गेली.

म्हणून नफा वाचण्याआधी विचारा: माल शेवटचा कधी मोजला? महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मोठ्या किमतीच्या मालापुरता तरी, प्रत्यक्ष मोजून तो आकडा भरा. किंमत खरेदीची धरा. बाजारभाव त्याखाली गेला असेल तरच बाजारभावाची. भाव वाढला म्हणून न विकलेल्या हळदीवर नफा दाखवायचा नाही. हळदीत वाळून घट येते, तीही मोजणीतच कळते. हमाली, तोलाई, अडत हे खर्च 'डायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये आहेत ना तेही बघा. चुकून इनडायरेक्टला गेले तर ढोबळ नफा उगाच मोठा दिसतो.

हरिपूरची पेवं आठवतात. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत वर्षानुवर्षं हळद टिकायची, आणि २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून माल गेला. पेव बाहेरून बघून आत काय आहे हे कळायचं नाही. माणूस उतरायचा, पोती मोजून वर यायची. जुने व्यापारी त्याशिवाय हिशेब मांडत नसत.

सीसी

डॅशबोर्डवर सीसीची किती रक्कम वापरलीय तेवढंच दिसतं. किती उरलीय ते तुम्ही काढायचं, आणि तेही मंजूर लिमिटमधून नाही, ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे त्या महिन्यात बँक प्रत्यक्ष उचलू देते त्या रकमेतून. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देता, त्यावरून ती ठरते. समजा माल २० लाखांचा, त्यापोटी देणं ६ लाख; उरले १४. बँकेचं मार्जिन (कर्जासाठी न धरलेला हिस्सा) २५ टक्के धरलं तर साडेदहा लाख. ९० दिवसांच्या आतलं येणं १२ लाख, त्यावरही तेवढंच मार्जिन धरलं तर ९ लाख. एकूण साडेएकोणीस. लिमिट २५ लाखांचं असलं तरी उचलता येणार साडेएकोणीसच. मार्जिन आणि किती दिवसांचं येणं धरायचं हे तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं, ते काढून वाचा. ९० दिवस ओलांडलेलं बिल सहसा यात धरलं जात नाही, म्हणजे वसुली रखडली की पैसेही अडकतात आणि सीसीही आखडते.

आपली इशारा पातळी

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून पहिलं काय विचारतो? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. चाळीस झाल्याबरोबर नदीकाठची माणसं सामान वर चढवायला लागतात, पंचेचाळीसची वाट बघत नाहीत. धंद्यातल्या तीन आकड्यांना अशाच दोन-दोन खुणा आधी ठरवून कागदावर लिहा. मी सुरुवातीला अशा सुचवते: ड्रॉइंग पॉवरचा वापर ८० टक्के इशारा, ९५ टक्के धोका, एकूण येण्यात ४५ दिवसांवरचं येणं एक चतुर्थांश इशारा, निम्मं धोका, कर वजा जाता हातात राहणारी रक्कम दोन महिन्यांच्या पगाराएवढी झाली की इशारा, एका महिन्याच्या झाली की धोका. तुमच्या धंद्याप्रमाणे बदला. इशाऱ्याला काय करायचं तेही शेजारी लिहा: नवी मशिनरी थांबवायची, अमुक पार्टीला उधार बंद, बँकेत जाऊन बोलायचं. बँकेचा मॅनेजर इशाऱ्याच्या वेळी ऐकून घेतो. चेक परत गेल्यावर बोलायला फारसं काही उरत नाही.

सोमवारची वीस मिनिटं

रोज डॅशबोर्ड उघडून बसायची गरज नाही. बँक आणि रोकड रोज, बाकी सोमवारी. एक साधी वही करा आणि दर सोमवारी सहा आकडे हातानं लिहा: बँक शिल्लक, सीसीत उरलेली रक्कम, एकूण येणं, त्यातलं ४५ दिवसांवरचं, पुरवठादारांचं देणं, आणि त्या महिन्यात भरायचा कर. आठ-दहा सोमवार झाले की वर-खाली काय होतंय ते ओळीवरून नजर फिरवताच कळतं. नफा महिन्यातून एकदा, माल मोजल्यावर.

मालक आणि अकाउंटंट यांची लॉगिन वेगळी ठेवा. मालकांना फक्त बघण्याचा हक्क पुरतो. पासवर्ड सगळ्यांना एकच असेल तर जुन्या तारखेची नोंद कुणी बदलली हे कळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारकच आहे.

आणि बॅकअप. टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेन्यू येतो, त्यात बॅकअप आहे. दर शनिवारी ऑफिस बंद करताना घ्या आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा पेठेतल्या कितीतरी दुकानांत कॉम्प्युटरही भिजला आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्हही. एक प्रत ऑनलाइन ठेवा. दुसरी घरी, वरच्या मजल्यावर.